पाणी कधी उतरेल? नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे पावसाळी प्रश्न

सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचं सचिवपद बारा वर्षं माझ्याकडे होतं. आमची मीटर रूम रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे, यावरून बाकीचं समजून घ्या. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की फोन सुरू व्हायचे आणि प्रश्न दरवर्षी तेच असायचे: पाणी कधी उतरेल, कुणाला कळवू, सरकारकडून काही मिळतं का. विचारणारे मात्र बदलत गेले, कारण तळमजल्यावर फार वर्षं कुणी टिकत नाही. ती उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे सरकारी पत्रक नाही, शेजाऱ्याने जिन्यात उभं राहून सांगितलं असं समजा.

हे तर आखून वसवलेलं शहर. मग इथे पाणी का तुंबतं?

पूर्वेला पारसिकची डोंगररांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आपण. डोंगरावरचं पाणी एमआयडीसीतल्या नाल्यांतून, ठाणे-बेलापूर रस्त्याखालून आणि रुळांखालून वस्तीत येतं, तिथून खाडीला मिळतं. जिथे उतार संपतो नेमकी तिथेच वाशी, सानपाडा, नेरूळची सखल सेक्टरं आहेत. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली तेव्हा यातला बराच भाग खाजण, मिठागरं आणि भातशेतीचा होता. सगळी जमीन भरतीच्या पातळीवर उचलायची तर केवढा भराव लागला असता! म्हणून डच लोकांची पद्धत घेतली. जमीन थोडी खालीच ठेवायची आणि खाडीच्या तोंडाशी मोठे धारण तलाव खोदायचे, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात.

या तलावांना खाडीच्या बाजूने झडपा असतात. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. तेवढ्या वेळात शहरात पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि साठलेलं पाणी निघून जातं. इथल्या आगरी-कोळी माणसाला यात नवल वाटत नाही. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, असायची, तिचंही काम हेच. सिडकोने तीच गोष्ट शहराएवढी मोठी केली, एवढंच.

हिशेब बिघडतो तो तलावाच्या पोटात. वर्षानुवर्षं गाळ साचून तलाव उथळ झाले. गाळावर खारफुटी रुजली आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर तर तिला हात लावायचा म्हणजे परवानग्यांची आणि न्यायालयाची पायरी चढणं आलंच. त्यामुळे पुष्कळ तलावांची सफाई अडून राहिली. काही जण यावरून खारफुटीलाच शिव्या घालतात, ते मला पटत नाही. खाडीकाठची खारफुटी लाटांचा आणि उधाणाचा मार खाते म्हणून मागचे बंधारे टिकतात. तलावातला गाळ वेळेवर उपसला असता तर तिथे तिला रुजायला जागाच मिळाली नसती.

मग आमच्या गल्लीतलं पाणी कधी उतरेल?

पाऊस कधी थांबेल यापेक्षा ओहोटी कधी लागेल ते बघा. झडप मिटलेली असेपर्यंत पाण्याला वाटच नसते. पाऊस थांबूनही पाणी तासभर तसंच राहिलं म्हणून लोक घाबरतात, आणि पाऊस कोसळत असतानाही कधी कधी पाणी झरझर उतरतं तेव्हा चकित होतात. दोन्हींचं कारण एकच आहे. भरतीच्या टोकापासून पुढच्या ओहोटीच्या टोकापर्यंत साधारण सहा तास जातात. उतार लागून दोन-अडीच तास झाल्याशिवाय आमच्याकडे तरी फरक दिसत नसे.

पंप असतात, मोठेही असतात. पण ते तलावाला मदत करायला आहेत. तलावच काठोकाठ भरला असेल आणि बाहेर खाडी फुगलेली असेल, तर पंप वाटी घेऊन हौद उपसल्यासारखा चालतो.

भरतीची वेळ कुठे कळते?

भरती-ओहोटीची वेळापत्रकं इंटरनेटवर मिळतात, पावसाळ्यात वर्तमानपत्रातही येतात. ती बहुधा मुंबईच्या किनाऱ्याची असतात. खाडीत आत, वाशीच्या पुलापाशी, भरती त्याहून थोडी उशिरा पोचते.

नेटवर्क गेलं असेल तर कोकणातला जुना हिशेब कामाला येतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा वाजून जातात, म्हणून पुढे तासभर धरून चाला. दिवाळे गावात मासळी आणायला गेलं की तिथल्या मावशी हे बोटांवर मोजून सांगतात. मी कॅल्क्युलेटर काढला तेव्हा हसल्या होत्या.

या हिशेबातून एक गोष्ट निघते, ती फार कमी जणांच्या लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत भरती सगळ्यात मोठी असते, तिला उधाण म्हणतात. आणि आपल्या किनाऱ्यावर ती भरती नेहमी दुपारी बारा ते दोनच्या आसपास किंवा मध्यरात्रीच येते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी जोरदार पाऊस लागला तर शाळा सुटायच्या वेळेला रस्ता पाण्याखाली असणार, असं धरून चाला. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती बुटकी. त्या दिवशी तेवढाच पाऊस पडला तरी पाणी निमूट निघून जातं. कुठे साडेचार मीटरच्या वरची भरती लिहिलेली दिसली, की आमच्याकडे गाड्या उंचावरच्या रस्त्याला नेऊन लावायची पद्धत आहे.

यलो, ऑरेंज, रेड अलर्ट म्हणजे नक्की किती पाऊस?

रंग पावसाच्या मापाचा नसतो, तुम्ही काय करायचं त्याचा असतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. पावसाची मापं वेगळी आहेत. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्याच्या वर अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता, आणि त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत, त्यात वर भरती. अशा दिवशी कुठलीच नियोजित व्यवस्था पुरी पडत नाही.

रेड अलर्ट देऊन ऊन पडलं की मोबाइलवर विनोद फिरायला लागतात. फिरू देत. अलर्ट जिल्ह्याला असतो, ढग सेक्टर निवडून फुटतो. दिवसभराच्या अलर्टपेक्षा दर तीन तासांचा तात्कालिक अंदाज आपल्याला जास्त उपयोगी पडतो, तो बघायची सवय ठेवा. आपत्तीच्या सूचनांसाठी ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप आहेत.

पाणी चढतंय. फोन कुणाला करायचा?

जीव अडकला असेल तर ११२, आग किंवा सुटका असेल तर १०१, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. वीज महावितरणची आहे, तिचा नंबर १९१२. बाकी सगळ्यासाठी महापालिकेचा आपत्कालीन कक्ष आणि तुमचं विभाग कार्यालय. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. आपल्या विभागाचा नंबर मे महिन्यातच जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवा. पावसात मोबाइलची बॅटरी आधी संपते, खडू संपत नाही.

फोनवर “आमच्या इथे खूप पाणी भरलंय” असं सांगू नका. सेक्टर, प्लॉट नंबर, जवळची खूण, पाणी घोट्याला आहे की गुडघ्याला, आत म्हातारी किंवा आजारी माणसं किती, हे एका दमात सांगा. तक्रार क्रमांक मागा आणि लिहून ठेवा. त्याचं काम पुढे पंचनाम्याच्या प्रश्नात कळेल.

आम्ही खारघरला राहतो. आमचे फोन नवी मुंबईवाले पुढे का ढकलतात?

कारण पत्त्यात नवी मुंबई असली तरी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल महापालिकेत येतात. ती १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. तुमचा जिल्हा रायगड, जिल्हाधिकारी अलिबागला, तहसीलदार पनवेलचे. आमचा जिल्हा ठाणे आणि तहसीलदारही ठाण्याचे. मदतीचा अर्ज चुकीच्या तहसील कार्यालयात दिला की आठवडा वाया गेलाच म्हणून समजा. २००५ ला कळंबोलीत तळमजले बुडाले तेव्हा अजून पनवेल महापालिका नव्हती. जुन्या लोकांच्या तोंडी म्हणून अजून सिडकोच असते.

हद्दीचा घोळ आमच्याकडेही आहे. सायन-पनवेल महामार्ग एकाचा, कारखान्यांमधले रस्ते एमआयडीसीचे, रुळांखालचा भुयारी मार्ग कधी रेल्वेचा तर कधी पालिकेचा. एका भुयारी मार्गातल्या पाण्यासाठी मी एकाच सकाळी तीन कार्यालयांत गेलो होतो. तिघांनीही अत्यंत आदराने मला एकमेकांकडे पाठवलं. तेव्हापासून तक्रार लेखी देतो, आणि पत्राच्या तळाशी “प्रत माहितीसाठी” म्हणून बाकी दोघांची नावं घालतो.

घरात पाणी शिरायला लागलं तर सगळ्यात आधी काय?

मेन स्विच बंद. पायाखाली पाणी आलं असेल तर स्विचला हातही लावू नका, १९१२ ला सांगून बाहेरून वीज बंद करून घ्या. मीटर रूममध्ये पाणी शिरलेलं दिसताच तेच करा. महावितरण कधी कधी स्वतःहून फीडर बंद ठेवतं, त्यावर चिडू नका. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, नाहीतर खड्ड्यात पाणी भरून महिनाभर जिने चढावे लागतील. गॅसची टाकी रेग्युलेटर बंद करून उचलून ठेवा. पाइपगॅस असेल तर आतला कॉक बंद.

मग कागद, औषधं, चार्जर, थोडी रोकड एका पिशवीत. गादी पलंगावर, पलंग विटांवर. तळमजल्यावरच्या घरात फ्रिजखाली चार विटा बारा महिने असाव्यात, पाहुणे हसले तरी.

गटाराचं पाणी संडासातून उलटं येतं. ते कसं अडवायचं?

बाहेरची गटारं भरली की हे होतं. तात्पुरता उपाय म्हणजे वाळूची भरलेली प्लास्टिकची पिशवी भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर दाबून ठेवणं. कायमचा उपाय म्हणजे सोसायटीच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवणं. सर्वसाधारण सभेत याच्या खर्चाला वरच्या मजल्यांचा विरोध असतो. आमच्याकडे तो विषय तीन सभा चालला, आणि चौथ्या सभेच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी बुडाली.

गाडी पाण्यात होती. चालू करून बघू का?

अजिबात नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली की आतले दांडे वाकतात, आणि नेहमीच्या विम्यात ते नुकसान सहसा धरत नाहीत. “पाण्याने नाही, तुम्ही चालू केल्याने बिघडलं,” असं उत्तर येतं. इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच मिळत नाही. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, कंपनीला कळवा, टो करून न्या.

लोकल मधेच थांबली तर उतरून चालत निघावं का?

रुळांवरून चालू नका. खालचा खडा वाहून गेला आहे की नाही ते पाण्यातून दिसत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. त्यातल्या सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढता आलं, कारण मदत येईपर्यंत लोक गाडीत राहिले.

आम्ही डोंगराच्या उतारावर राहतो, तिथे पाणी साचत नाही. मग घर सोडायला का सांगतात?

पाणी साचत नाही, ते मातीत मुरतं आणि मातीसकट खाली येतं. इलठणपाडा, यादवनगर, तुर्भ्याच्या खदानींच्या कडेच्या वस्त्या यांना भीती दरडीची आहे. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरात घरावर दरड कोसळून एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. ती वस्ती याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला आहे.

घरामागच्या जमिनीला नवी भेग पडली, दाराची चौकट अचानक घट्ट बसायला लागली, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा झाड तिरकं झालं, तर नोटिशीची वाट बघू नका. पोरांना घेऊन निघा. निवाऱ्याची सोय बहुतेक पालिकेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात असते. तिथे खायला-प्यायला मिळतं, पण पांघरूण, औषधं आणि बाळाचं दूध स्वतःचं न्या. लोक जात नाहीत त्याचं खरं कारण चोरीची भीती आणि “एकदा उठलो तर परत बसू देणार नाहीत” ही शंका. शंका निराधार आहे असं मी म्हणणार नाही, असे अनुभव लोकांना आलेले आहेत. पण त्यावर उपाय म्हणजे वस्तीतल्या दोन धडधाकट माणसांनी खाली रस्त्यावरून लक्ष ठेवणं. आजी-आजोबांनी झोपडीत थांबणं हा उपाय नाही.

आमची इमारत धोकादायक यादीत आहे. म्हणजे पाडणारच का?

यादीत चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. नोटिशीवर वर्ग कोणता लिहिलाय ते आधी वाचा. अर्धी इमारत न वाचताच वकिलाकडे धावते. सी-१ असेल तर पावसाळ्यापुरतं तरी बाहेर पडा, आणि निघण्यापूर्वी आपलं क्षेत्रफळ आणि ताबा यांचा लेखी दाखला घ्यायला विसरू नका.

पाणी ओसरलं. साफसफाई लगेच सुरू करू?

दहा मिनिटं थांबा. आधी फोटो. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याजवळ मोजपट्टी किंवा दरवाजा दिसेल असा फोटो घ्या. भिजलेलं कपाट, फ्रिज, धान्याचा डबा, एकेक वेगळा. घराचा नंबर दिसेल असा एक. मगच फडकं हातात घ्या. स्वच्छ घराचा पंचनामा होत नाही, हे मी एका आजींना समजावायला गेलो होतो. तोवर त्यांनी फरशी फिनेलने पुसून रांगोळीसुद्धा काढली होती.

त्यानंतर पाण्याची टाकी. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलंच असं समजून चला. ती पूर्ण उपसा, घासा, धुवा, आणि नव्याने भरल्यावर चांगल्या ब्लीचिंग पावडरची मात्रा द्या. स्वच्छ पाण्याला साधारण १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबा. पहिले काही दिवस तरीही पाणी उकळूनच प्या. मोरबे धरणातून शुद्ध होऊन आलेलं पाणी आपल्याच टाकीत नासतं आणि शिव्या नळाला बसतात.

नुसतं पाण्यातून चालत आलो. औषध घ्यायची गरज आहे का?

पायाला चीर, भेग किंवा जखम असेल तर आहे. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. साबणाने पाय धुऊन ७२ तासांच्या आत डॉक्टरांना किंवा पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात भेटा. डॉक्सीसायक्लिनची गोळी किती आणि कुणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील, गरोदर बाई आणि लहान मुलांना ती चालत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर “पाण्यातून चाललो होतो” हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

पंचनामा कोण करतं आणि पैसे किती मिळतात?

पंचनामा तलाठी करतात, शहरात सोबत पालिकेचा कर्मचारीही असतो. अर्ज तहसीलदारांच्या नावे. जोडायचे कागद: आधार, शिधापत्रिका, वीजबिल, बँक पासबुकाचं पहिलं पान, फोटो, आणि तो तक्रार क्रमांक, कारण त्यावर तारीख आणि वेळ असते. पैसे थेट खात्यात जमा होतात, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं हवं. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी वाचा. “अंशतः” आणि “पूर्णतः” या दोन शब्दांत लाखभराचं अंतर आहे.

केंद्राने २०२२ ते मार्च २०२६ या काळासाठी ठरवलेले दर असे. मृताच्या वारसांना ४ लाख. पक्कं किंवा कच्चं घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. पंधरा टक्क्यांहून जास्त अंशतः पडझड असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००. कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी आणखी २,५००. मोठ्या पुरानंतर राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून कधी दर वाढवतं, कधी अटी सैल करतं. जुलै २०२१ च्या पुरानंतर तसं केलं होतं. म्हणून मागच्या वर्षीचा आकडा धरून बसू नका, त्या पुराचा शासन निर्णय मागा.

आता खरी मेख. कपडे-भांड्यांच्या मदतीला अट अशी की घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असलं पाहिजे. ही अट नदीकाठच्या गावाला धरून लिहिलेली आहे. कृष्णेचा पूर आठ-आठ दिवस घरात बसतो, आमचं पाणी भरतीबरोबर येतं आणि ओहोटीबरोबर जातं. सहा तासांत गादी, फ्रिज, मुलांची पुस्तकं सगळं जातं, आणि कागदावर आम्ही बसत नाही. भरतीच्या शहरांसाठी तासांची नाही तर पाण्याच्या उंचीची अट हवी, असं माझं मत आहे आणि तसं निवेदनही दिलं होतं. तोपर्यंत अर्ज मात्र करा. अट सैल झाली तर ती पंचनामा असलेल्यांनाच लागू होते, नंतर “आमच्याही घरात पाणी होतं” म्हणून भागत नाही.

भाडेकरूला काही मिळतं का?

घराच्या पडझडीची मदत मालकाची, कपडे-भांड्यांची राहणाऱ्याची. भाडेकरार नसेल तर त्या पत्त्यावरचं वीजबिल किंवा गॅसचं पुस्तक दाखवा. मालकाने अंगठा द्यायला टाळाटाळ केली तर शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घालायला सांगा.

दुकानात माल भिजला आहे.

दुकानाला ठरलेल्या दरांत जवळपास काही नाही, वेगळा शासन निर्णय निघाला तरच. म्हणून दुकानदाराने विम्यावर भरवसा ठेवावा. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे आणि त्यात पूर येतो. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’, तिच्यात वादळ, पूर, दरड सगळं धरलेलं आहे आणि घराच्या विम्याबरोबर सामानाचाही काही भाग आपोआप येतो. २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते, एजंटाने नाव ऐकलं नसल्यासारखा चेहरा केला तरी. एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, मसाला आणि दाणाबंदरचे (धान्यबाजाराचे) व्यापारी खालची थप्पी लाकडी फळ्यांवर ठेवतात ती उगीच नाही. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. वास सुटला तरी पोत्यांच्या चिठ्ठ्या कापून ठेवा, आणि जीएसटीची बिलं मोबाइलमध्ये असू द्या.

होडी आणि जाळ्याचं काय?

पंचनाम्याच्या प्रश्नात सांगितलेले केंद्राचे तेच निकष: होडीच्या दुरुस्तीला ६,०००, जाळ्याच्या दुरुस्तीला ३,०००. होडी पूर्ण गेली तर १५,०००, जाळं पूर्ण गेलं तर ४,०००. होडीची नोंदणी लागते. जाळ्याचा खरा भाव माहीत असलेल्या कुठल्याही नाखव्याला हा आकडा वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

कागदपत्रं भिजली.

उन्हात टाकू नका, पानं चिकटतात. वर्तमानपत्रात दाबून पंख्याखाली सुकवा. आधार, गाडीचे कागद डिजिलॉकरवर मिळतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मंडळाच्या मुंबई विभागीय कार्यालयात मिळते आणि ते वाशीलाच आहे. भिजलेल्या नोटा बँक बदलून देते.

सोसायटीतलं झाड पडायला आलंय, आम्हीच तोडू का?

परवानगीशिवाय नाही, १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आवाराच्या आतल्या झाडालाही लागू आहे. उद्यान विभागात मे महिन्यातच छाटणीचा अर्ज द्या. पडलंच तर अग्निशमन दल उचलतं. जूनच्या आधीच्या वादळांना हलकं समजू नका. तौक्ते १७ मे २०२१ ला आलं होतं, तेव्हा पावसाळ्याच्या तयारीच्या बैठकासुद्धा पुऱ्या झालेल्या नव्हत्या.

आता उतरलंय. रात्री परत येईल का?

एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. दुपारी एकला पाणी शिरलं असेल तर रात्री दीडच्या सुमारास झडप पुन्हा मिटलेली असेल, आणि तेव्हा पाऊस चालू असला तर पाणी परत चढेल. त्यामुळे गाद्या आज खाली उतरवू नका, आणि कुणीतरी एक जण एकचा गजर लावून झोपा.